सांभाळ हाच मोबदला

प्रिय मुद्देबाई,

या नावाने तुला हाक मारून किती वर्षं झाली कोण जाणे. फोनवर आपण आता गुडघे, रक्तदाब आणि जावई यांच्या पलीकडे जात नाही. पण आज कागद पुढे ओढला आणि हात आपोआप जुन्याच नावावर गेला. फोन का केला नाही असं तू विचारशील. केला होता. एकदा तू कुणा शिकाऊ बाईला चौकातून गाडी वळवायला शिकवत होतीस, मागून भोंगे वाजत होते आणि तू तिला सांगत होतीस, "वाजवू देत, त्यांना तेवढंच येतं." दुसऱ्यांदा मीच इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला. जे सांगायचंय ते फोनवर सुरू केलं असतं तर पहिल्याच वाक्याला तू मला तोडलं असतंस. पत्र मधेच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तू आधी वाचशील आणि मगच फाडशील, एवढी मी तुला ओळखते.

आधी खुशाली. आमचे हे मजेत आहेत. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलंय. शब्दकोडं सोडवता सोडवता भाजी करपवतात आणि मग सगळ्या खिडक्या उघडून मला सांगतात, आज हवा किती छान आहे बघ. मीही बघते. लेक तिच्या घरी सुखी आहे, नातवंडं व्हिडिओवर मला फक्त कपाळ दाखवतात. तब्येत ठीक. मुख्य म्हणजे मी पुन्हा कामाला जाते. तुला हे अर्धवट सांगितलं होतं, "एका ऑफिसात जाते थोडा वेळ" असं. कसलं ऑफिस ते तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. वकिलाचं ऑफिस आहे, बाई. तुझ्यापुढे तो शब्द काढायचा नाही हे अंगवळणी पडलंय, म्हणून जीभ अडली.

झालं असं की मी लॉ कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त व्हायच्या आधी शेवटची काही वर्षं तिथलं सगळंच पालटलं. कोर्टाच्या निकालांचे ते जाडजूड खंड, ज्यांच्या कपाटांमधल्या बोळात स्टूल टाकून मी सगळं कॉलेज काढलं आणि ज्यांच्यापायी तू मला कपाटवाली म्हणायला लागलीस, ते मागच्या खोलीत गेले. पुढे संगणक आले. सगळे निकाल आता त्यात. मला वाटलं, झालं, आपलं काम संपलं. पण नाही गं. पोरं यायची, शोधाच्या चौकटीत चार शब्द टाकायची, धरणाचे दरवाजे उघडल्यासारखे हजारो निकाल अंगावर यायचे आणि ती माझ्याकडे बघायची. मग मी हळूहळू शिकले. शब्द अवतरणात कधी घालायचे, कुठलं कोर्ट निवडायचं, कुठली वर्षं गाळायची, दोन शब्द एकमेकांच्या जवळपास असतील असेच निकाल कसे मागवायचे. शिकताना एक गोष्ट कळली. न्यायाधीश आपल्यासारखं बोलत नाहीत. आपण म्हणतो घराबाहेर काढलं, ते म्हणतात कब्ज्यातून बेदखल केलं. आपण म्हणतो भांडण, ते म्हणतात विवादित बाब. तेव्हा माणसाची तक्रार ऐकायची आणि ती कोर्टाच्या तोंडी कशी येईल याचा अंदाज बांधायचा. हा खेळ मला फार आवडला.

पूर्वी माझ्या ग्रंथालयात कोपऱ्यात बसून डुलक्या काढणारा एक मुलगा होता. आता तो चांगला पस्तिशीचा झालाय, स्वतःचं ऑफिस आहे, केस मागे हटलेत. निवृत्तीच्या समारंभाला तो आला आणि म्हणाला, "मावशी, घरी बसून काय करणार? सकाळी माझ्याकडे या आणि मला निकाल शोधून द्या." मी त्याला साहेब म्हणते. तो लाजतो, म्हणून तर म्हणते. ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. जिना एवढा अरुंद की वर जाणारा आणि खाली येणारा अशील एकमेकांची क्षमा मागत कडेला होतात. छापणाऱ्या यंत्राला बाजूने एक चापट मारावी लागते. माझं टेबल खिडकीपाशी, खाली चौकातला सिग्नल दिसतो. तिथे बसून मी दुपारपर्यंत परक्यांची भांडणं वाचते. शेजाऱ्याचा पोपट आपल्याला नावं ठेवतो म्हणून एकाने दावा लावला होता, तो अपिलापर्यंत गेला. पोपट मध्येच मेला तरी पक्षकार थांबेनात. असं काही सापडलं की मी एकटीच हसते आणि साहेब आतून विचारतात, "मावशी, आपल्या कामाचं आहे का?" मी म्हणते, नाही, पण ऐका.

गेल्या वर्षी या जिन्यावरून एक बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली, बोटाला सुईचे टोचे. त्यांना आम्ही शिलाईताई म्हणतो. त्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात मागच्या खोलीत राहतात. त्या आजींचं पूर्वी औषधांचं दुकान होतं, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. शिलाईताई तरुणपणी त्यांचे कपडे शिवायला म्हणून आल्या. आजी एकदा पडल्या, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा त्यांनी महिनाभर सोबत केली आणि ती सोबत मग सुटलीच नाही. अंघोळ घालणं, पथ्याचं करणं, दवाखान्यात नेणं, रागावल्या तर ऐकून घेणं. आजींनी मागची खोली दिली. म्हणाल्या, "तू माझं शेवटपर्यंत बघ, तू आहेस तोवर ही खोली तुझी." एवढंच. कागद नाही, सही नाही. शेजारच्या दोघी-तिघींनी ऐकलेलं. शेवटची काही वर्षं आजींना दिसेनासं झालं, तेव्हा शिलाईताई मशीनवर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, एक शिवण घालायची, एक बातमी वाचायची. आजी गेल्या. घर भाच्याकडे आणि त्याच्या बहिणींकडे आलं. आणि त्यांनी दावा लावला, की ही बाई कोण, हिचा काय संबंध, खोली रिकामी करून द्यावी.

शिलाईताई रडल्या वगैरे नाहीत. खुर्चीच्या कडेला बसून त्यांनी साहेबांना एकच विचारलं, "मी चोरून राहिले का हो?" मी माझ्या टेबलावरून ऐकत होते. मुद्देबाई, तुला कळलं असेलच आता, हे ऐकून माझं काय झालं असेल. मी उठून खिडकीतून उगाच सिग्नल बघत उभी राहिले.

कारण ही गोष्ट मी आधी ऐकलेली होती. तुझ्या तोंडून, आपल्या त्या भाड्याच्या खोलीत, जिथे दोन खाटांच्या मध्ये एक माणूस आडवा चालू शकत नव्हता. तुझ्या त्या नर्सबाई. म्हाताऱ्या मास्तरांची त्यांनी सेवा केली, मास्तरांनी अंगणातली खोली दिली, मास्तर गेल्यावर मुलांनी त्यांची ट्रंक रस्त्यावर ठेवली. खालच्या कोर्टात तू हरलीस, तरी अपील घेऊन वरच्या कोर्टात गेलीस, एकटी, वकिलीची सनद मिळून फार दिवस झाले नव्हते तेव्हा. मी नुकती ग्रंथालयात लागले होते. आठवडाभर तू आरशासमोर उभी राहून बोलत होतीस आणि मी खाटेवर पाय पोटाशी घेऊन न्यायाधीश झाले होते. तुझं म्हणणं असं, की मास्तरांनी खोली दान दिली नव्हती. नर्सबाईंनी त्या शब्दावर भरवसा ठेवून आयुष्यातली कामाची वर्षं दिली. मुलांनी ते डोळ्यांनी पाहिलं, त्याचा फायदा घेतला आणि तेव्हा हरकत घेतली नाही. मग हा व्यवहारच झाला. "सांभाळ हाच मोबदला," असं तू म्हणालीस, आणि मी म्हटलं, हे भिंतीवर रंगवायच्या घोषणेसारखं वाटतं, बदल. तू बदललं नाहीस. हट्टी होतीस.

त्या दिवसाबद्दल आपण बोलायचं नाही असं तूच ठरवलंस आणि मी ते पाळलं. आज एवढ्यापुरतं मोडते. मी मागच्या बाकावर होते. न्यायाधीशांनी तुझं निम्मं ऐकलं आणि चष्मा काढून म्हणाले, "बाई, ऐकायला फार छान आहे. पण कायद्याच्या पुस्तकात कुठे बसतं ते सांगा." कोर्टात हशा पिकला. तू थांबलीस, पाणी मागितलं नाहीस, पुढे बोललीस. सगळं बोललीस. मग निकाल आला आणि त्यात ते वाक्य, की वकीलबाईंनी दया आणि हक्क यांत गल्लत केली आहे. निकाल छापून आला, खंडात गेला, मीच त्या खंडावर ग्रंथालयाचा शिक्का मारला. नर्सबाईंना गाडीत बसवून तू परत आलीस आणि काळा गाऊन घडी करून ट्रंकेच्या तळाशी घातलास. पुढे तू गाडी शिकलीस, मग शिकवायला लागलीस आणि अर्ध्या शहरातल्या बायका तुझ्या हाताखालून रस्त्यावर आल्या. ते काम तू आनंदाने केलंस हे मला माहीत आहे. मी तुझी कीव कधीच केली नाही. पण एखादी सासू किंवा वाहतूक पोलीस तुझ्याशी वाद घालायला लागला, की तू जी सरळ उभी राहायचीस, ते बघताना मला ती आरशासमोरची तू आठवायचीस.

तर शिलाईताईंचं प्रकरण. मी कामाला लागले. "सेवेच्या बदल्यात निवास" टाकलं, तर चौकीदार आणि माळी यांचे शेकडो निकाल आले, नोकरी संपली की खोली सोडा म्हणणारे. "तोंडी वचन" टाकलं, तर लग्नाच्या वचनांचा ढीग. दोन्ही एकत्र केले तर काहीच नाही. मी रोज घरी येऊन ह्यांना सांगायचे आणि हे कोड्यातून डोकं वर काढून नवे शब्द सुचवायचे. शुश्रूषा, देखभाल, आजारपण, आश्रय, आसरा. एकेक टाकून बघितलं. थोडं थोडं हाती लागत होतं, पण घट्ट असं काही नाही.

आणि मग समोरच्या वकिलांनी आपलं लेखी म्हणणं दिलं. वयस्क गृहस्थ, सभ्य, साहेबांशीही अहो-जाहो करतात. त्यांनी एकाच निकालाचा आधार घेतला होता. साहेबांनी वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "मावशी, हे तर अगदी आपलंच प्रकरण आहे, आणि आपण हरलोय." मी कागद हातात घेतला. वादीतर्फे, म्हणून तुझं नाव छापलेलं होतं. पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि तुझा निकाल पहिल्यांदाच पुरता वाचला. खरंच सांगते, इतकी वर्षं तो माझ्या कपाटात होता आणि शिक्का मारल्यानंतर मी तो कधी उघडला नव्हता.

संगणकावर प्रत्येक निकालाशेजारी एक रंगीत खूण असते. वरच्या कोर्टाने किंवा मोठ्या खंडपीठाने तो पुढे खोडून काढला असेल तर लाल, नाहीतर हिरवी. तुझ्या निकालाशेजारी हिरवी होती. खाली, पुढे ज्या ज्या निकालांत त्याचा उल्लेख झाला त्यांची नावं. मी ते सगळे उघडले. बहुतेकांनी तुझ्याविरुद्धचं तेच वाक्य उचललेलं, दया आणि हक्क. एवढ्या लोकांनी तुला हरवलंय हे बघून मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं चालतं हे तुला ठाऊक आहे. ही हिरवी खूण यंत्र लावतं. पक्षकारांचं नाव जुळलं की दोन निकाल एकमेकांना जोडतं. पण जुने खंड यंत्राने वाचून घेतलेत, आणि यंत्राला आपल्यासारखंच म आणि भ, घ आणि ध यांत गोंधळायला होतं. एखाद्या नंतरच्या निकालात मास्तरांचं आडनाव चुकीचं वाचलं गेलं असेल, तर तो निकाल तुझ्या निकालाला जोडलाच जाणार नाही. म्हणजे नावाने शोधून उपयोग नाही. मग कशाने शोधायचं? जे दुसऱ्या कुणी कधी म्हटलं नसेल अशा शब्दांनी.

मी अवतरणात टाकलं, सांभाळ हाच मोबदला. एकच निकाल आला, तुझाच. त्यात तुझं ते वाक्य थट्टेने नोंदवलेलं. मग त्या खंडांची पानं डोळ्यांपुढे आली. पानावर दोन अरुंद रकाने असत, आणि ओळ संपली की छापखान्यातले जुळारी शब्द मधेच तोडून पुढच्या ओळीत ढकलत. मोब, आडवी रेघ, दला. यंत्राच्या दृष्टीने तो मोबदला उरतच नाही. मी शेवटचा शब्द काढून टाकला आणि नुसतं "सांभाळ हाच" शोधलं. दोन निकाल आले.

दुसरा तुझ्या निकालाहून बारा-तेरा वर्षांनी नवा. पाच न्यायाधीशांचं खंडपीठ. कुणी एक स्वयंपाकीण आणि तिच्या मालकिणीची मुलं. मास्तरांच्या आडनावातल्या म चा खरोखरच भ झालेला होता. मी वाचत गेले आणि उभी राहिले, साहेब बाहेर आले, त्यांनी विचारलं, "पोपट का?" मी पडद्याकडे बोट दाखवलं. यंत्रावर विश्वास नको म्हणून त्याच पावली आम्ही दोघं माझ्या जुन्या ग्रंथालयात गेलो. तिथल्या नव्या ग्रंथपाल मुलीने मागची खोली उघडून दिली. खंड कुठे असेल ते मला अंधारातही सांगता आलं असतं. मी तिथेच जमिनीवर बसून वाचलं. सोबत त्याची प्रत जोडली आहे, तू वाचशीलच, पण मला ते माझ्या हाताने तुला लिहून पाठवायचंय. ते म्हणतात, त्या पूर्वीच्या खटल्यात वादीच्या वकीलबाईंनी मांडलेला मुद्दा आमच्या मते बरोबर होता आणि न्यायालयाने त्याचा विचार करायला हवा होता. सांभाळ हाच मोबदला, हे त्यांचे शब्द आम्ही या निर्णयात स्वीकारतो. तो निकाल आता ग्राह्य राहणार नाही. आणि पुढे एक छोटं वाक्य, की वकीलबाईंविषयी त्यात केलेला शेरा अनाठायी होता.

मुद्देबाई, हे छापून येऊनही आता वीसएक वर्षं झाली. तू तेव्हा गाड्यांत होतीस, मी कपाटांत होते. तुला कुणी सांगायला आलं नाही, कारण कुणाला सांगायचं हेच कुणाला माहीत नव्हतं. साहेबांना मी तिथेच, त्या जमिनीवर बसून, ती वकीलबाई कोण ते सांगितलं. त्यांनी खंड माझ्या हातातून घेतला आणि तुझं नाव मोठ्याने वाचलं. मग म्हणाले, "मावशी, या अजून आहेत?" मी म्हटलं, चांगल्या आहेत, आत्ता कुणाला तरी रिव्हर्स शिकवत असतील.

सुनावणीला मी गेले. न्यायाधीश बाई होत्या, शांत, लिहून घेणाऱ्या. साहेब उभे राहिले, आधी थोडे अडखळले, मग सावरले. त्यांनी पाच न्यायाधीशांचा तो निकाल कोर्टापुढे ठेवला. समोरच्या वकिलांनी तो तिथल्या तिथे वाचला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "हा माझ्या पाहण्यात आला नव्हता. मी कोर्टाची दिशाभूल करणार नाही." मग त्यांनी आपल्या परीने वस्तुस्थितीतला फरक दाखवायचा प्रयत्न केला, ते त्यांचं कामच होतं. शेवटी न्यायाधीशबाईंनी भाच्यालाच विचारलं, की आजारपणात तुमच्या मावशीचं कोण करत होतं हे तुम्हाला माहीत होतं का? तो साधा माणूस आहे गं. त्याने बहिणींकडे पाहिलं आणि म्हणाला, "माहीत होतं. सगळं त्याच करायच्या. आम्ही सणावाराला यायचो." दावा फेटाळला. शिलाईताई हयात आहेत तोवर त्यांना खोलीतून काढता येणार नाही. बाहेर व्हरांड्यात भाचाच त्यांच्यापाशी येऊन म्हणाला, "मावशीची खिडकीतली झाडं वाळतायत, जरा पाणी घालाल का?" त्या म्हणाल्या, रोज घालतेय.

इथवर वाचून तू म्हणशील, बरं झालं, छान झालं, एवढं कळवायला इतकी पानं कशाला. आता खरं काय ते लिहिते. भाच्याला नको होतं, पण बहिणींनी अपील केलंय. पावसाळ्यानंतर वरच्या कोर्टात लागेल, त्याच इमारतीत. साहेब म्हणतात, खाली मी बोललो, वर ज्यांचा मुद्दा आहे त्यांनीच बोलावं, मी त्यांच्या शेजारी कागद धरून उभा राहीन. मी त्यांना म्हटलं, ती येणार नाही. मग शिलाईताईंनाही सगळं सांगितलं, कारण प्रकरण त्यांचं आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांनाच बोलवा." तुझी सनद चालू आहे हे मला तुझ्या लेकीने सांगितलंय, तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, आपण गुडघ्यांवर बोलू. पण शिलाईताईंनी काल बाजारातून काळं कापड आणलंय, चांगलं, अंगावर पडणारं, आणि कात्री घेऊन त्या माझ्या निरोपासाठी अडून बसल्या आहेत. जुना गाऊन आता तुला होणार नाही असं मी त्यांना सांगून टाकलं, त्याबद्दल माफ कर. हे पत्र मी खरं तर तेवढ्याचसाठी लिहायला घेतलं. तुझं खांद्याचं आणि बाहीचं माप कळव.

अजूनही तुझीच,
कपाटवाली